माळ्यावरचं रडणं

स्तेफा ह्लुश्कोनं ते रडणं ऐकलं तेव्हा ती स्वयंपाकघरात बीट किसत होती. ईस्टर तोंडावर आला होता, भर दुपार होती, आणि खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या अंगणातली पिवळी झुडपं नुकती फुलली होती. रडणं वरून येत होतं. बारीक, चिरकं, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारं. तान्ह्या बाळाचं. तिनं किसणी खाली ठेवली, लाल झालेले हात धुतले आणि रेडिओ लावला. चांगला मोठ्यानं लावला.

कुणालाही सांगायचं नाही, हे तिनं हात पुसता पुसताच ठरवून टाकलं.

हॅमिल्टन शहराच्या पूर्वेकडच्या, पोलाद कारखान्याजवळच्या त्या अरुंद विटांच्या घरात ती लग्न होऊन आली होती. आता तिची सत्तरी उलटून गेली होती. नवरा वासिल जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगी लारिसा शहराच्या वरच्या अंगाला, उंचावरच्या नव्या वस्तीत राहायची, आणि रविवारी चर्चमधून आईला घेऊन जायची. गल्लीतल्या बायका स्तेफाला शांत बाई म्हणून ओळखत. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कुणाशी बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहायची तिला सवय होती. ती कशामुळे लागली हे गल्लीत आता कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेले म्हातारे गेले होते.

त्याला कारण होतं १९६६ चा वसंत. स्तेफाचं पहिलं बाळंतपण. वासिलनं त्यासाठी वरची छोटी खोली हिरव्या रंगानं रंगवली होती. मुलगा होईल की मुलगी कुणास ठाऊक, म्हणून हिरवा. मूल जन्मलं ते मेलेलंच. नर्सनं ते कापडात गुंडाळून बाहेर नेलं आणि म्हणाली, बघू नका, उगाच त्रास होईल. मुलगा होता एवढं कळलं. तो कुठे गेला, कुणी पुरला, काहीच कळलं नाही. वासिलला विचारलं तर तो भिंतीकडे बघायचा. त्याला तरी माहीत होतं की नाही, देव जाणे.

ती घरी आली, आणि दोन-चार दिवसांत वरून रडणं ऐकू यायला लागलं.

रडणं सुरू झालं की तिला पान्हा फुटायचा. झगा ओला व्हायचा. ती धावत जिना चढायची, हिरव्या खोलीत जायची, खोली रिकामी असायची आणि रडणं त्याच्याही वर, छताच्या आत असायचं. तिनं वासिलला सांगितलं. कारखान्यातल्या कोक भट्टीच्या गोंगाटात काम करून वासिलचे कान तेव्हाच निम्मे निकामी झाले होते. त्यानं मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाला, काही नाही गं. वासिलची बहीण ओरिस्या तेव्हा त्यांच्याकडेच राहायची, समुद्रापलीकडच्या गावाकडून येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिला विचारलं तर ती फरशीकडे बघत म्हणाली, मला काही ऐकू येत नाही. मग स्तेफा माळ्यावर जायच्या, छतातल्या झडपेखाली स्टुलावर चढून हात वर करून उभी राहायला लागली. तासन्‌तास. वासिलनं डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं तिला दूरच्या एका गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं डोक्याला विजेचे झटके देत. त्या झटक्यांत बरंच काही गेलं; तिच्या मेलेल्या आईचा चेहरा गेला, लहानपणच्या निर्वासित छावणीतली गाणी गेली. रडण्याची आठवण काही गेली नाही, पण अजून ऐकू येतं का असं विचारलं की नाही म्हणून सांगायला ती शिकली.

बर्फ पडायच्या सुमारास ती परत आली. घर शांत होतं. तिनं माळ्याखाली उभं राहून ऐकलं, काही नाही. वासिलच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, बघ, बरी झालीस. आणि तिनंही मानलं की आपलं डोकं असं आहे, ते नसलेलं ऐकतं, त्याच्यावर नजर ठेवायला हवी. पुढे लारिसा झाली. लारिसा रडली की स्तेफा आधी खोलीत जे कुणी असेल त्याच्या तोंडाकडे बघायची. त्यालाही ऐकू येतंय असं दिसलं, की मगच मुलीला उचलायची. लारिसा मोठी झाल्यावर एकदा म्हणाली होती, मी पडले तरी तू आधी बाबांकडे बघायचीस. 

तर आता, इतक्या वर्षांनी, पुन्हा तेच.

तिनं रेडिओ दिवसभर चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी रडणं वाढलं. एकाचं नव्हतंच ते, दोन-तीन गळे वाटत होते, आणि त्यात एक किरकिर होती, पोट खपाटीला गेलेल्या पोराची असते तशी. लारिसाचा फोन आला तेव्हा स्तेफा तिच्याशी ईस्टरच्या गोड पावाबद्दल बोलली. आवाज अजिबात कापू दिला नाही. जावई डॅरिल आदल्या आठवड्याच्या शेवटी येऊन गेला होता. संध्याकाळी छपराच्या कोपऱ्यातून एक रॅकून, मांजरापेक्षा जरा मोठं, झुपकेदार शेपटीचं जनावर, उतरताना त्यानं पाहिली होती, आणि कुठून तरी पिंजरा आणून अंगणात लावला होता. जाताना गाडीत पिंजरा ठेवून हसत म्हणाला होता, "सासूबाई, फुकटची भाडेकरीण होती तुमच्या माळ्यावर. सार्डिनच्या डब्याला भुलली. आता जाते लांब जंगलात." स्तेफानं मान हलवली होती. हे आणि ते रडणं तिनं एकमेकांशी जोडलंच नाही. रॅकून म्हणजे कचऱ्याचे डबे उलटे करणारी काळ्या मुखवट्याची चोरटी. आणि बाळाच्या रडण्याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता.

रॅकून ये-जा करायची ते छपराचं भोक बुजवण्याआधी कुणी तरी माळा बघून जायला हवा, असं छपरवाल्यानं लारिसाला सांगितलं होतं. म्हणून लिओना टिबो आली. उत्तरेकडच्या खाणीच्या गावातली, पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. घरात शिरलेली जनावरं न मारता बाहेर काढायचं काम करायची. दारात बूट काढले, टोपी काढली, जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबली आणि तिनं वर पाहिलं.

"बाई, किती दिवस रडताहेत ही?"

स्तेफा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "कोण?"

"वरची. पिल्लं."

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"माझ्या एका कानाचा पडदा गेलाय, तरी येतंय," लिओना म्हणाली. "अहो, रस्त्यावर गाडी लावली ना मी, तेव्हापासून येतंय."

स्तेफा जिन्याच्या पायरीवर बसली. लिओनाला वाटलं म्हातारीला चक्कर आली. तिनं स्वयंपाकघर शोधून पाणी आणलं, रेडिओ बंद केला आणि स्तेफाच्या शेजारच्या पायरीवर बसून राहिली. घरात रडणं तेवढं उरलं. दोघी ते ऐकत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा स्तेफा ते कुणाच्या सोबतीनं ऐकत होती.

मग तिनं डॅरिलच्या पिंजऱ्याचं सांगितलं. लिओनाचा चेहरा उतरला. तिनं तिथूनच डॅरिलला फोन लावला. कुठे सोडली हे विचारलं. महामार्गापलीकडच्या दरीतल्या रानात, असं तो म्हणाला. इतक्या लांब न्यायला कायद्यानं बंदी आहे हे तिनं त्याला सांगितलं, पण आवाज चढवला नाही. डॅरिल काही तरी बोलत राहिला, त्याला वाटलं भलं करतोय, मारली तर नाही ना. लिओनानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाळंतीण होती ती." 

लिओना शिडी लावून माळ्यावर गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातमोज्यांत एक लोकरी पिशवी होती, आणि पिशवी हलत होती. चार होती, एक गेलं होतं. उरलेली तीन मुठीएवढी, डोळे न उघडलेली, तोंडावरचा काळा पट्टा नुसता पुसटसा. लिओनानं स्तेफाला जाड हातमोजे दिले आणि एकेक पिल्लू तिच्या हातात देत खालून गरम होणारा लाकडी खोका तयार केला. पिल्लांच्या हातांना पाच पाच बोटं होती. स्तेफाच्या हातमोज्याचं कापड ती मुठीत धरत होती. मेलेलं पिल्लू लिओनानं फडक्यात गुंडाळलं, तेव्हा स्तेफानं फडकं मागितलं, उघडलं, नीट पाहिलं आणि पुन्हा गुंडाळून परत दिलं.

"आई येईल का?" तिनं विचारलं.

"लांब नेलीय. वाटेत महामार्ग आहे. पण रॅकूनच्या आया फार चिवट." लिओनानं खोका मागच्या पडवीच्या छपरावर, भोकाच्या खाली ठेवला. पिल्लांना पाजायचं दूध ती सोबत आणायची, ते थोडं थोडं पाजलं. उद्या सकाळपर्यंत वाट बघू, म्हणाली, नाही तर शहराबाहेर एक बाई अशी अनाथ पिल्लं वाढवते, तिच्याकडे पोचवते.

सगळं आवरल्यावरही ती निघेना. टोपी हातात फिरवत उभी राहिली.

"वर आणखी एक आहे," ती म्हणाली. "जुनं. धुराड्याच्या मागे. सांगू की घेऊन जाऊ?"

स्तेफा म्हणाली, दाखवा.

लिओनानं आधी एक फळी खाली आणली. हिरवी. छपरात एके काळी दुसरं भोक होतं, ते कुणी तरी आतून ही फळी ठोकून बंद केलं होतं. मग एका ट्रेमध्ये, थंडीसाठी छतात भरलेल्या जुन्या कापसाच्या थरासकट, हाडं आणली. पाखरांची असावीत इतकी बारीक. चार छोट्या कवट्या, एकमेकींना चिकटून.

स्तेफानं फळीवर हात ठेवला. तो हिरवा रंग तिनं लगेच ओळखला. त्या खोलीसाठी आणलेला, उरलेला. बाळंतपणानंतर दवाखान्यातून आल्यावर ती अंथरुणात पडून होती आणि वर वासिल हातोडा मारत होता, छपराला भोक पडलंय म्हणाला होता, ते तिला आठवलं. विजेच्या झटक्यांतून ते कसं वाचलं कोण जाणे.

"आई बाहेर अडकली असणार," लिओना हलकेच म्हणाली. "ठोकणाऱ्याला कळत नाही. वसंतात कितीतरी घरांत असं होतं."

"रडली असतील?"

"काही दिवस. मग थांबतात."

स्तेफानं मान हलवली. मग थांबतात. तोवर तिला हॉस्पिटलात घेऊन गेले होते.

ती रात्र तिनं दिवा न लावता काढली. उजाडायच्या आत उठून मागच्या खिडकीशी जाऊन बसली. आभाळ कारखान्याच्या बाजूला राखाडी झालं तेव्हा कुंपणावर एक काळी आकृती दिसली. रॅकून होती. पोटापर्यंत चिखलात माखलेली, मागचा एक पाय उचलून चालणारी. ती अंगणातल्या मेपलच्या झाडावरून पडवीच्या छपरावर आली, भोकात डोकावली, खोक्याकडे वळली. तिच्या गळ्यातून एक घरघर निघाली, आणि खोक्यातून तिघांनी उत्तर दिलं. तिनं एकाला मानेला धरून उचललं आणि कुंपणापलीकडे, रेल्वेच्या कडेच्या झाडीत नेलं. परत आली. दुसरं नेलं. परत आली. तिसरं नेलं.

स्तेफाला वाटलं आता संपलं. पण ती पुन्हा आली. तिनं रिकाम्या खोक्यात दोन्ही हात घातले आणि कापड चाचपलं. एकेक कोपरा चाचपला. भोकात शिरली, माळ्यावर तिची खुडबुड ऐकू आली, बाहेर आली, पुन्हा खोक्यात हात घातले. मग कठड्यावर बसून राहिली, ऐकत असल्यासारखी, उजेड चांगला पसरेपर्यंत.

लिओना सकाळी आली तेव्हा स्तेफा अजून खिडकीशीच होती. तिनं लिओनाला बसवून चहा दिला, आणि ते मेलेलं पिल्लू त्याच्या आईला द्यायला हवं होतं, असं म्हणाली. लिओना म्हणाली, हो, मलाही रात्रभर तेच वाटत होतं.

ईस्टर झाल्यावर स्तेफानं लारिसाला सांगितलं, मला ओरिस्याकडे घेऊन चल. ओरिस्या आता तळ्याकाठच्या एका वृद्धाश्रमात होती. नणंद-भावजयींचं कधी भांडण झालं नव्हतं, पण कधी जमलंही नव्हतं. लारिसा गाडीत थांबली, कारण स्तेफानंच तसं सांगितलं होतं.

ओरिस्या खुर्चीत शाल पांघरून बसली होती. अंगानं चिमणीएवढी झालेली, पण डोकं शाबूत. स्तेफानं गोड पावाचा तुकडा तिच्यासमोर ठेवला आणि सरळ सांगायला सुरुवात केली. पिल्लं, हिरवी फळी, हाडं. सांगताना तिला वाटत होतं, ही म्हणेल बरं झालं, खरं कळलं. ओरिस्यानं पावाला हात लावला नाही. शेवटी म्हणाली:

"मला ऐकू येत होतं."

स्तेफाला आधी अर्थच लागला नाही.

"तेव्हा. मला ऐकू येत होतं, स्तेफा. तुझ्याइतकंच."

मग ती हळूहळू बोलत गेली. भावाच्या घरात परक्यासारखी राहत होते, म्हणाली, भाषा येत नव्हती, आणि मी हो म्हटलं असतं तर तुझ्याबरोबर मलाही नेलं असतं. पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की ओरिस्याला वाटलं रडणारं ते बाळच आहे. गावाकडे म्हणत, नाव न ठेवता गेलेलं मूल घराभोवती रडत फिरतं, कुणी तरी नाव देईपर्यंत. वासिलला सांगायची सोय नव्हती. स्तेफाला गाडीत घालून नेलं त्या संध्याकाळी ओरिस्या चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी घेऊन स्टुलावर चढली, झडप उघडली, अंधारात पाणी शिंपडलं आणि त्याला नाव दिलं. दुसऱ्या दिवशी रडणं थांबलं.

"म्हणून मी कधी बोलले नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, मी त्याला झोपवलं. आजपर्यंत तेच वाटत होतं."

 हिच्या एका शब्दानं सगळं वेगळं झालं असतं. हॉस्पिटल, झटके, आईचा चेहरा, लारिसाला उचलण्याआधीचे ते क्षण. तिला ओरडायचं होतं. तोंडातून आलं ते निराळंच.

"काय नाव दिलंस?"

"दानिलो."

स्तेफा उठली आणि बाहेर आली. गाडीत बसली. लारिसानं विचारलं, आत्या काय म्हणाली, आणि गाडी सुरू केली. स्तेफा म्हणाली, जरा थांब. मग तिनं मुलीला पहिल्यापासून सांगितलं. लारिसाला आजवर एवढंच माहीत होतं की आई एकदा आजारी होती. लारिसानं गाडी बंद केली.  सांगून झाल्यावर लारिसानं ते नाव स्वतःशीच उच्चारून पाहिलं. चुकीचा उच्चार झाला, तो स्तेफानं दुरुस्त केला.

छपराला जाळी बसली. डॅरिलनं ती स्वतः ठोकली, आणि ठोकण्याआधी माळ्यावर जाऊन विजेरीनं कोपरान्‌कोपरा पाहिला. घर गप्प झालं. लोकांना वाटतं अशा वेळी माणसाला हायसं वाटत असेल. स्तेफाला तसं वाटलं नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपण निदान आपल्या मुलाचं रडणं ऐकलं. आता तेही नव्हतं. तो रडलाच नव्हता. कधी कधी ती हिरव्या खोलीत जाऊन उभी राहायची, आणि ऐकायला काहीच नसायचं.

उन्हाळाभर ती ओरिस्याकडे फिरकली नाही. मेपलची पानं लाल झाल्यावर एक दिवस बसनं गेली, एकटीच. ओरिस्याची नखं वाढली होती, आश्रमातल्या मुलींना कापू देत नव्हती. स्तेफानं पर्समधून कात्री काढली आणि तिचा हात मांडीवर घेतला. अंगठ्यापासून सुरुवात केली.

"अजून राग आहे माझ्यावर?" ओरिस्यानं विचारलं.

"आहे."

"मग येतेस कशाला?"

स्तेफानं करंगळीचं नख जपून कापलं. "त्याचं नाव ठेवलं तेव्हा तू होतीस," ती म्हणाली. "कसं ठेवलंस ते पुन्हा सांग. सावकाश सांग."

ओरिस्यानं सांगितलं. स्टूल कुठलं, पाणी कुठल्या बाटलीत, काय शब्द म्हटले, आवाज किती हळू ठेवला. स्तेफानं दुसरा हात घेतला.